काम कोणाचे? पेडणे आणि डिचोलीची साक्ष

जत्रेच्या रात्री पेडणे महालातील एखाद्या देवळाच्या प्रांगणात दशावतारी खेळ उभा राहतो. पहाटेपर्यंत राण्या, दासी, पतिव्रता मंचावर येत राहतात आणि त्या साऱ्या पुरुष असतात. मंडळींच्या भाषेत त्यांना ‘स्त्रीपार्टी’ म्हणतात. लिखित संहिता नसता, केवळ आख्यानाच्या आधारे ही माणसे असा विलाप करतात की प्रेक्षकांतील वृद्धा पदराने डोळे पुसतात. पुरुषाने लुगडे नेसण्यात कोणासही विपरीत वाटत नाही. मात्र बाईचे काम बाईने करावे, असे पूर्वी कोणी म्हटले असते, तर त्यास वेड्यात काढले असते.

त्याच देवळाच्या सभामंडपात गायन मात्र परंपरेने स्त्रीचे. आणि तेही कोणत्याही स्त्रीचे नव्हे, तर कलावंत घराण्यात जन्मलेलीचे. गृहस्थाच्या मुलीने चारचौघांत सूर लावला असता, तर गावभर बोभाटा झाला असता. पेडण्यातील मालपे गावाचे नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकर (1883–1974) यांनी उस्ताद नझीर खाँ यांच्याकडे भेंडीबाजार घराण्याची तालीम घेतली. 1958 साली संगीत नाटक अकादमीचे रत्नसदस्यत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या समाजाने हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, त्यानेच गाणारणीला आपल्या माजघरापासून दूर ठेवले, हे आम्हांस विसरता येत नाही.

मुंबई-पुण्याची रंगभूमी तरी कोठे निराळी होती? मंगेशीचे मास्टर दीनानाथ तेथे स्त्रीभूमिकांनी गाजले. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगविले, तेव्हा त्यात गोव्यातल्याच ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. मर्यादा ज्यास म्हणत होते, ती सवय होती.

आता डिचोलीकडे वळू. हे गाव कुंभारकामासाठी प्रसिद्ध. कुंभाराच्या घरी माती कालवणे, मळणे, भांडी बाजारात विकणे यांत स्त्रीचा हात असतोच. पण चाकास तिने हात लावू नये, असा आपल्या देशी फार ठिकाणचा रिवाज. कारण विचारले तर ‘पूर्वापार’ एवढेच उत्तर मिळते. याच देशातील मणिपुरात आंद्रो गावी विवाहित स्त्रियाच भांडी घडवितात, आणि तेही चाकावाचून. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस प्वेब्लो लोकांत कुंभारकाम परंपरेने बायकांचेच. विणकामाचेही तसेच. आसामात माग म्हणजे घरच्या लेकीचे भूषण. आपल्याकडे मागावर विणकर बसतो आणि त्याची बायको कांड्या भरते. हातांत फरक नाही, गावांत आहे.

कायदाही या सवयीतून सुटला नाही. पेडणे आणि डिचोली नव्या काबिजादींत मोडतात. 1870 पासून गोव्यात लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने विवाहित स्त्रीस सामाईक संपत्तीत निम्मी मालकी दिली. परंतु त्याच संहितेने त्या संपत्तीचा कारभार पतीच्या हाती ठेवला. त्या काळच्या दस्तांत स्त्रीच्या नावापुढे धंदा म्हणून ‘दोमेस्तिका’ हा एकच शब्द आम्ही पुनःपुन्हा वाचला आहे. लावणी-कापणीत जिची कंबर मोडली, तीही दोमेस्तिका! आमच्या धंद्याची कथा तर याहून लाजिरवाणी आहे. 1916 साली रेजिना गुहा या विधिपदवीधर स्त्रीने वकिलीची परवानगी मागितली असता, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने ती नाकारली. ते दार उघडण्यास 1923 चा स्वतंत्र कायदा करावा लागला.

पुढे 1972 साली शशिकला काकोडकर डिचोलीतून निवडून आल्या आणि 1973 मध्ये पित्याच्या, भाऊसाहेब बांदोडकरांच्या, निधनानंतर मुख्यमंत्री झाल्या. 1979 पर्यंत त्यांनी राज्यकारभार चालविला. भाऊसाहेब ज्या गोमंतक मराठा समाजातून आले, त्याची मुळे देवळांतील सेवेकरी व कलावंत घराण्यांत होती. वडिलांमुळे गादी मिळाली, असे ताईंविषयी म्हटले जाई. ते खोटे नव्हे. परंतु पित्याच्या गादीवर बसलेल्या मुलांची यादी काढू लागलो, तर हा अंक पुरणार नाही.

मागे एका देवस्थानाच्या समितीने हिशेबनिसाच्या जागेच्या जाहिरातीचा मसुदा आम्हांकडे तपासावयास पाठविला. पदापुढे ‘पुरुष’ असा शब्द होता. जमाखर्चाच्या कोणत्या रकान्यास पुरुष लागतो, असे आम्ही विचारले. सर्वांत वयोवृद्ध महाजन म्हणाले, “वकीलसाहेब, उत्सवात रात्र-रात्र जागावे लागते.” आम्ही म्हटले, “काका, पौषात धालोच्या मांडावर रात्री कोण जागते?” ते हसले, थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच लेखणी घेऊन तो शब्द त्यांनी खोडला आणि त्याच्या जागी लिहिले: ‘उत्सवात रात्री जागण्याची तयारी हवी.’