नायट्रोग्लिसरीनचे शरीरातील सक्रियण

हृदयशूळावर जिभेखाली देण्याचे हे औषध स्फोटकही आहे. विल्यम मरेल यांनी 1879 मध्ये त्याचा हृदयशूळावरील उपयोग प्रसिद्ध केला. ते शरीरात कसे जागे होते, हे मात्र शतकभर कोडेच राहिले. 2002 मध्ये जोनाथन स्टॅम्लर यांच्या गटाने पेशींच्या तंतुकणिकांतील अल्डिहाइड डिहायड्रोजनेज-2 या एंझाइमाकडे बोट दाखविले. मद्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड निकामी करणारे एंझाइमही हेच. त्यातील सिस्टीनचा गंधकयुक्त गट औषधातील एक नायट्रेट गट तोडतो. 1,2-ग्लिसरिल डायनायट्रेट व नायट्राइट तयार होतात. पुढे यातून मिळणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडमुळे चक्रीय जीएमपी हा पेशीतील संदेशवाहक रेणू वाढून रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात. नीला विशेष रुंदावतात, हृदयाकडे परतणारे रक्त घटते व हृदयाचा भार हलका होतो.

या कामात एंझाइमाचे ऑक्सिडीभवन होऊन ते मंदावते. औषध अखंड दिल्यास गुण ओसरतो, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण. म्हणूनच दीर्घकालीन उपचारात रोज काही तास औषधाविना ठेवतात. पूर्व आशियात अनेकांमध्ये या एंझाइमाचा दुर्बल प्रकार आढळतो. त्यांना औषध कमी लागू पडते. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, मुख्यतः या एंझाइमावर विसंबून नसते. त्यामुळे सर्व नायट्रेटांना एकच नियम लावणे चूक ठरते.