कुत्र्यांची दंगल आणि कापसाचा लागा

टेंभी नाका म्हटलं की ठाणेकराला आधी आठवते नवरात्रातली देवी, मग आनंद दिघे, आणि मग ट्रॅफिक. या सगळ्या गर्दीत नाक्याजवळची पारशांची अग्यारी नजरेतून सुटते. ही पटेल अग्यारी १७८० सालची. म्हणजे ठाण्यात पहिली रेल्वे आली (१८५३) तेव्हा अग्यारीला सत्तरहून जास्त वर्षं झाली होती!

हे पटेल म्हणजे कावसजी रुस्तमजी. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. त्यानंतर मुंबईच्या या पारशी शेठजींना ठाण्याची पाटिलकी मिळाली, आणि पारशी कुटुंबं इथे येऊन वसली. मुंबईत आपण ज्याला सी. पी. टँक म्हणतो, तो सी. पी. म्हणजे हेच कावसजी पटेल. त्यांनी बांधलेला तलाव कधीच बुजला, नाव मात्र राहिलं. आणि त्या सी. पी. टँकच्या शेजारी, भुलेश्वरच्या भर गर्दीत, गाईगुरांची एक मोठी वस्ती आजही आहे. मुंबईचा पांजरपोळ.

आजचा विषय हा पांजरपोळ. आणि खरा प्रश्न असा, की मुक्या जनावरांना सांभाळणारी धर्मादाय संस्था जवळजवळ दोनशे वर्षं टिकते कशी? कारण भूतदयेने सुरू झालेल्या कितीतरी संस्था चार-पाच वर्षांत गुंडाळलेल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

गोष्ट सुरू होते कुत्र्यांपासून. ठराविक महिन्यांत शहरातली बेवारस कुत्री मारायची, असा कंपनी सरकारचा नियम होता. १८३२ साली ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे. आता आपल्यापैकी कुणीही सांगेल पुढे काय होणार ते. टेस्टरला बगमागे पैसे द्या, बघा किती बग निघतात! आठ आण्यांसाठी शिपाई लोकांच्या घरांत, अंगणांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले.

पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याला ‘सगदीद’ म्हणतात. ६ जून १८३२ ला फोर्टमध्ये जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना बडवलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. नुसते पारशी नाहीत, जैन, हिंदू आणि मुसलमानही त्यात आले. कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद अडवली गेली. मग लष्कर बोलावलं, धरपकड झाली आणि शहरातल्या बड्या शेठ लोकांना मध्ये पडावं लागलं. इतिहासात याला ‘बॉम्बे डॉग रायट्स’ म्हणतात.

दंगल दोन दिवसांची. असे राग आपल्यालाही येतात. व्हॉट्सॅपवर फोटो फिरतात, दोन दिवस सगळे पेटलेले असतात, सोमवारी स्टँडअप मीटिंगला विसरलेले असतात. पण मुंबईकर तिथे थांबले नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. एक पारशी, एक जैन, दोघेही चीनच्या व्यापारातले भागीदार. म्हातारी, लंगडी, भाकड, बेवारस जनावरं मरेपर्यंत सांभाळायची जागा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी लावलेली पैशाची व्यवस्था. शेठ लोकांनी भरघोस देणग्या दिल्याच, पण त्यावर भिस्त ठेवली नाही. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून मालावर ‘लागा’ बसवला. कापूस, अफू अशा मालाच्या प्रत्येक सौद्यामागे एक छोटी रक्कम पांजरपोळाची. सरकारी कर नाही, बाजाराने स्वतःवर घेतलेला कर. सौदा झाला की लागा कापला गेला. दर वेळी कुणाला पाझर फुटायची गरज नाही.

(अफूच्या पैशावर गाई जगल्या, हे वाचून थोडं कसंतरी होतं खरं. पण त्या काळातल्या मुंबईची बरीचशी इस्पितळं आणि शाळा त्याच पैशावर उभ्या आहेत. असो.)

लागा इतका महत्त्वाचा का? इथे आपल्या धंद्यातलं एक साधं गणित घ्या. क्यूइंग थिअरीमधला लिटल्स लॉ: आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले राहण्याचा काळ. समजा एखाद्या आश्रमात दिवसाला दोन जनावरं येतात आणि सरासरी पाच वर्षं जगतात. म्हणजे कालांतराने आत किती? ३,६५०! दवाखाना असेल आणि जनावर दहा दिवसांत बरं होऊन बाहेर पडत असेल, तर फक्त २०. येणारी जनावरं तेवढीच, भूतदयाही तेवढीच, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणजे पांजरपोळ ही अशी सिस्टीम आहे, जिच्यात इनपुट आहे पण मरणाशिवाय आउटपुट नाही. चांगलं काम केलं की जनावरं जास्त जगतात, आणि खर्च वाढतो. शिवाय दुष्काळ पडला की शेतकऱ्याला जनावर सांभाळणं परवडत नाही, आवक वाढते, आणि नेमका तेव्हाच चारा महागतो. म्हणजे सगळे लोड एकाच वेळी येतात. वाईट दिवस हा इथे अपवाद नाही, डिझाइनमध्येच धरायची गोष्ट आहे.

लागा बाजारावर अवलंबून असल्यामुळे मंदीत आटत असणार, पण एक माणूस गेला म्हणून बंद पडत नव्हता. मोतीशा शेठ १८३६ मध्येच वारले, संस्था सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. जमशेटजी १८५९ ला गेले. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या भल्याभल्यांची दिवाळी निघाली. पुढे १८९६ ला प्लेग आला. नंतर अफूचा व्यापारही संपला. पांजरपोळ राहिला.

दुसरी वाट दवाखान्याची. १८७४ मध्ये मुंबईत प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था निघाली आणि १८८३ मध्ये सर दिनशा पेटिट यांनी पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई जनावरांचं इस्पितळ सुरू केलं. बरं करा आणि परत पाठवा. २००१ च्या कुत्र्यांच्या नसबंदी नियमांमागेही हाच हिशोब आहे: पकडा, शस्त्रक्रिया करा, लस टोचा, काही दिवस ठेवा आणि होतं तिथेच सोडा. २०२३ च्या नव्या नियमांनीही तोच मार्ग ठेवला.

म्हणूनच २०२५ चे सुप्रीम कोर्टाचे आदेश वाचताना मला १८३२ आठवलं. ऑगस्टमध्ये दिल्लीतली सगळी भटकी कुत्री शेल्टरमध्ये टाका असा आदेश आला, दोन आठवड्यांत तो बदलला. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, स्टेशनं अशा ठिकाणची कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत तिथे सोडू नका, असं सांगितलं गेलं. चावे आणि रेबीज हा खरा प्रश्न आहे, मुलांच्या जिवाचा आहे, त्यामुळे कोर्टाची काळजी मला समजते. पण लिटल्स लॉ कोर्टालाही चुकत नाही. परत सोडायचं नाही म्हणजे आयुष्यभर सांभाळायचं. त्या प्रत्येक कुत्र्यामागे लागा कोण भरणार?

गाईंचं तेच. २०२४ मध्ये राज्य सरकारने गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये जाहीर केले. साडेतीनशे किलोच्या गाईला रोज सात-आठ किलो तरी सुका आहार लागतो. वर पाणी, औषध, शेण काढणाऱ्या माणसाचा पगार. २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांना सरकार मोठ्या जनावरामागे १०० रुपयांपर्यंत देत होतं. म्हणजे उरलेली फट संस्थेनेच भरायची. आणि देणगीदाराला आवडतं शेडवर नावाची पाटी लावायला. लाइट बिलावर पाटी लावता येत नाही ना! २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दारावर येऊन गाईला चारा घालणारी माणसंच घरात अडकली, तेव्हा ज्यांच्याकडे दरमहा ठरलेली आवक होती त्यांचा जीव त्यातल्या त्यात भांड्यात.

आपण आयटीवाले वाढदिवसाला, अप्रेझल झालं की, एखादा व्हिडिओ पाहून गलबलून आलं की एकदम पाच हजार देतो. चांगलंच आहे. पण संस्था चालवणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याला पुढच्या मार्चमध्ये कडबा घ्यायचा आहे आणि तुमचं गलबलणं पुन्हा कधी येईल हे त्याला माहीत नाही. तेच पाच हजार महिन्याला चारशे करून, ऑटो-डेबिट लावून दिले तर त्याला बजेट करता येतं. ठाण्या-कल्याणकडेही जनावरांसाठी काम करणारे लोक आहेत. एखाद्या रविवारी जाऊन स्वतः बघा, हिशोब विचारा (विचारलाच पाहिजे) आणि पटलं तर लागा लावा.

मी लावलाय. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जातात आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या जनावरांची आठवणही येत नाही. तशी ती यावीच लागू नये, हाच तर त्या कापसाच्या लाग्याचा मुद्दा होता.