सात घटका

चंदीगडात जुनं देऊळ शोधायला जाऊ नये, असं माझे वडील म्हणायचे. शहराला जिचं नाव, ती चंडीमाता शहराबाहेर कालक्याच्या वाटेवर. मनसादेवी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, तीही मणिमाजऱ्याच्या पलीकडे. आत सगळे नंबर घातलेले सेक्टर, आणि त्यातला तेरावा कित्येक वर्षं नव्हताच. फाळणीत लाहोर तिकडे गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर वसवलं. आराखड्यावर काम करणारा मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात गेला, मग ल कोर्बुझिए आला, आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालं. हा पुस्तकातला इतिहास. मला कळलेला इतिहास शेजारच्या बीजींच्या अंगणात, मटार सोलता सोलता कळला.

बीजी लायलपूरजवळच्या एका चकातल्या. १९४७ साली नऊ वर्षांच्या होत्या. बैलगाड्यांचा काफिला बल्लोकी हेडवर्क्सच्या दिशेने निघाला तेव्हा त्यांच्या आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता. त्या सप्टेंबरात पंजाबात पूर आले होते. पाऊस, चिखल, पटकी. भाऊ वाटेतच गेला. काफिला थांबत नसे. थांबणारा मागे पडायचा, आणि मागे पडणाऱ्याचं काय होईल ते सगळ्यांना ठाऊक होतं. नहरीच्या काठाला घाईघाईने खड्डा काढला, वडिलांनी पगडीचा तुकडा फाडून त्याला गुंडाळलं आणि गाडी पुढे निघाली. बीजी हे सांगायच्या ते रडत नव्हे, पदार्थाची कृती सांगावी तसं, पायरीपायरीने. मधेच म्हणायच्या, त्या मटाराला कीड आहे, तो बाजूला ठेव.

त्यांचे वडील, दारजी, पुढे चंदीगडात सचिवालयाच्या बांधकामावर हिशेब लिहायला लागले. गुरुद्वाऱ्यात रोज जायचे, पण मत्था टेकायचे नाहीत. सरळ मागे लंगरात जाऊन भांडी घासायचे. ग्रंथींनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "उसके साथ मेरा हिसाब बाकी है. लंगर के साथ नहीं." मात्र अरदाशीत ननकानासाहिब आणि पंथापासून दुरावलेल्या इतर गुरुद्वाऱ्यांच्या दर्शनाची मागणी येते ना, तेवढ्यापुरता ते नळ बंद करायचे आणि ओल्या हातांनी उभे राहायचे. मग पुन्हा नळ सुरू. असं किती वर्षं चाललं, हे बीजींना नीट सांगता येत नसे. कधी पाच म्हणत, कधी दहा.

माझी आजी पंढरपूर भागातली. वडिलांच्या केंद्र सरकारी नोकरीपायी आम्ही इकडे आलो, तशी तीही आली. येताना विठोबाची तसबीर आणि लोखंडी तवा घेऊन. तिला पंजाबी येत नव्हतं, बीजींना मराठी. दोघींची गाठ पडली ती नामदेवावरून. बीजींनी एका सकाळी रेडिओवरच्या कीर्तनाकडे बोट करून 'भगत नामदेव' म्हटलं आणि आजी दारातच बसली. नंतर तिला हळूहळू कळलं, की ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली ग्रंथ सिद्ध केला तेव्हा ती त्यात घेतली, आणि तिचा विठोबा तिथे 'बीठल' म्हणून आहे. तिला याचं नवल वाटलं नाही. "त्यो जाईल की कुटंबी," म्हणाली.

नामदेव पंजाबात का आले, याची आजीकडे आपली एक गोष्ट होती. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताबाई, निवृत्तिनाथ गेले. नामदेव तेव्हा सव्विसाचे. आजी म्हणे, त्याला पंढरीत करमेना. देव समोर उभा, आणि माणसं गेलेली. म्हणून चालत सुटला. अभ्यासक याला शंभर फाटे फोडतील, फोडावेत. वर्षानुवर्षं पंजाबात राहून गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांनी देह ठेवला असं इकडचे लोक मानतात; आपण १३५० साली पंढरपूरला महाद्वारात मानतो, पायरी दाखवतो. दोन्हीकडे माथा टेकणारे आहेत. मला ही अडचण कधी वाटली नाही.

२००३ साली माझे वडील आजारी पडले. पीजीआय रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाहेर रस्त्याच्या कडेला दुपारी गाडी यायची, रांग लागायची, पत्रावळीवर डाळ, पोळ्या आणि वर एक केळं मिळायचं. ते वाटणारे जगदीशलाल आहुजा. पेशावरचे, फाळणीत पोरवयात इकडे आलेले, चंदीगडच्या मंडईत केळी विकून पैसा मिळवलेले. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लंगर चालवायला त्यांनी पुढे मालमत्ता विकल्या, कर्करोग झाला तरी लंगर थांबवला नाही. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पुढच्या वर्षी ते गेले. आजी त्या रांगेत निःसंकोच उभी राहायची. घरी डबा असूनही. म्हणायची, हितलं जेवण रडत बसलेल्यांचं हाय, त्यात आपलाबी वाटा.

त्याच रांगेत मला दुसऱ्याही प्रकारचे लोक भेटले. 'देव जे करतो ते भल्यासाठीच' असं, न विचारता, सांगणारे. मला त्यांचा राग येतो, आजही. ज्याचं माणूस आत कॉटवर आहे त्याला भल्याचा हिशेब सांगू नये. जूनमध्ये गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिवसाला चंदीगडच्या चौकाचौकांत छबील लागते, गाड्या थांबवून थंडगार गोड दूध-पाणी हातात देतात. १६०६ साली लाहोरात त्यांचे हाल झाले, तापल्या तव्यावर बसवलं, असं परंपरा सांगते. इतक्या शतकांनंतरही त्याबद्दल लोक एकमेकांना सरबत पाजतात आणि त्यातून काय भलं झालं याचं प्रवचन करत नाहीत. मला हे जास्त पटतं.

वडील पावसाळ्याच्या शेवटी गेले. आजीच्या डोळ्यांदेखत तिचा मुलगा. तेराव्यानंतर आमच्या लक्षात आलं, की आजी पूजा करते, गंध लावते, नैवेद्य दाखवते, पण तोंडातून अवाक्षर नाही. एरवी ती विठोबाशी दिवसभर बोलायची; दूध उतू गेलं तरी त्याला सांगायची. आईने भीत भीत विचारलं. आजी म्हणाली, "जेवाण बंद केलं न्हाई. बोलणं बंद केलंय." नवऱ्याशी धरावा तसा विठोबाशी अबोला धरला होता. आणि त्याला आधारही दिला: रुक्मिणी नाही का रुसून द्वारकेहून दिंडीरवनात आली? तिला शोधत तो आला म्हणून पंढरपूर झालं, आणि अजूनही तिचं देऊळ वेगळंच आहे, त्याच्या शेजारी ती उभी नाही. घरात माणूस असल्याशिवाय अबोला धरता येत नाही, एवढं मला तेव्हाही समजलं. श्रद्धा गेली असती तर तिने तसबीर ट्रंकेत टाकली असती.

बीजी रोज येऊन बसायच्या. एकदा त्यांनी नामदेवांची ती सुलतानाची गोष्ट काढली. मेलेली गाय उठव, नाहीतर मान उतरवतो, असं सुलतान म्हणतो. आजीला गोष्ट माहीत होती, पण तिच्या सांगण्यात देव हाकेसरशी यायचा. बीजी ग्रंथसाहिबातल्या भैरव रागातल्या पदावरून सांगत होत्या, आणि तिथे तो येत नाही. नामदेवांची आईच रडून म्हणते, राम सोड, खुदा म्हण, जीव वाचव. ते ऐकत नाहीत. हत्ती अंगावर येतो. लोक नामदेवांच्या भारंभार सोनं देऊ करतात. सुलतान म्हणतो, लाच घेतली तर दोजखात जाईन. पायांत बेड्या, हाताने ताल धरून नामदेव गात राहतात. घटका वाजतात. सात होतात, तरी त्रिभुवनाचा धनी आलेला नाही.

आजीने हात वर करून बीजींना थांबवलं. "सात?"

"सात," बीजी म्हणाल्या. नंतर तो गरुडावर बसून येतो, गाय उठते, सगळं होतं. पण आजीला पुढचं नकोच होतं. पदातच उशीर मोजून ठेवलाय, लिहून ठेवलाय, आणि लोक त्यापुढे माथा टेकतात, हे ती कितीतरी वेळ घोळवत राहिली. देवाची बाजू सावरायला कुणी ते गाळलं नाही. मग तिने बीजींना विचारलं, मी मध्ये दुभाषी, की दारजींचा हिशेब शेवटी मिटला का.

"पता नहीं, भैणजी," बीजी म्हणाल्या. "एक दिन मत्था टेकके आ गए. किसीने पूछा नहीं."

माघात घुमानला मेळा भरतो. चंदीगडहून सुमारे दोनशे किलोमीटर. (२०१५च्या एप्रिलमध्ये तिथे अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, तेव्हा आजी नव्हती, नाहीतर तिने मंडपात जाऊन कुणालातरी काहीतरी सुनावलं असतं.) वडील गेल्यानंतरच्या माघात बीजींच्या मुलाच्या गाडीतून आम्ही गेलो. धुकं दाट, शेतांत गहू हातभर. गर्दीत रेटारेटी करत आजी समाधीपर्यंत पोचली, पदर सारखा केला, आणि महिनोन्महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली.

"हितं येऊन बसलास व्हय रं? नाम्याकडं? आणि माझ्या पोराला बघाया तुला सवड न्हाई?"

तिथून पुढे तिचं थांबेचना. पीजीआयच्या पायऱ्या, सलाईनच्या बाटल्या, रात्रीची थंडी, सगळं काढलं. मागची रांग खोळंबली. एक सेवादार पुढे येऊन बीजींना हळूच विचारू लागला, माताजींना काही हवंय का, पाणी वगैरे.

बीजींनी त्याला हाताने मागे सारलं. "लड रहे ने," म्हणाल्या. "लड लैण दे."