मेलेली गुरे, पोकळ डोंगर आणि न दिलेली उत्तरे

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, कोलोराडोच्या सीमेलगत, डल्सी नावाचे छोटे गाव आहे. हिकारिया अपाचे या मूलनिवासी समाजाच्या स्वायत्त प्रदेशाचे ते मुख्य ठिकाण. गावाजवळच्या आर्चुलेटा नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगराखाली अनेक मजली गुप्त तळ आहे, तेथे परग्रहवासीयांसमवेत प्रयोग चालतात आणि त्यासाठीच परिसरातील गुरे मारली जातात, अशी आख्यायिका गेली चार दशके सांगितली जात आहे. असा तळ असल्याचा कोणताही पुरावा आजवर पुढे आलेला नाही. तरीही ही कहाणी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ती कशी घडत गेली हे पाहिले, तर तमिळनाडूतील एका डोंगराखाली व्हावयाची भारतीय प्रयोगशाळा अफवांच्या विळख्यात का सापडली, याचाही काही अंशी उलगडा होतो.

या कहाणीची मुळे 1967 च्या सप्टेंबरपासून 1968 च्या मार्चपर्यंत घडलेल्या तीन घटनांत सापडतात. पहिली घटना कोलोराडोतील सान लुईस खोऱ्यातली. तेथे एक घोडी मृतावस्थेत आढळली. तिच्या डोक्याचे आणि मानेचे मांस नाहीसे होऊन हाडे उघडी पडली होती. वृत्तपत्रांनी तिला ‘स्निपी’ या नावाने देशभर प्रसिद्धी दिली आणि उडत्या तबकड्यांशी तिचा संबंध जोडला.

दुसरी घटना मात्र कल्पनेतली नव्हती. 10 डिसेंबर 1967 रोजी डल्सीच्या नैर्ऋत्येस सुमारे 34 किलोमीटर अंतरावर, जमिनीखाली जवळजवळ 1300 मीटर खोलीवर, 29 किलोटन क्षमतेचा अणुस्फोट करण्यात आला. हिरोशिमावरील बॉम्बच्या जवळपास दुप्पट असा हा स्फोट होता. ‘गॅसबगी’ हे त्याचे नाव. अणुस्फोट शांततामय कामांसाठी वापरण्याच्या ‘प्लाउशेअर’ या सरकारी कार्यक्रमाचा तो भाग होता आणि घट्ट खडकात अडकलेला नैसर्गिक वायू मोकळा करणे हा त्याचा हेतू होता. वायू मिळाला, परंतु त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी समस्थानिक मिसळला असल्याने तो विकता आला नाही. डल्सीच्या परिसरात जमिनीखाली सरकारने काहीतरी विलक्षण केले होते, ही गोष्ट अशी अक्षरशः खरी आहे.

तिसरी घटना युटा राज्यातली. मार्च 1968 मध्ये स्कल व्हॅली या खोऱ्यात सुमारे 6000 मेंढ्या काही दिवसांत मरून पडल्या. जवळच डगवे येथे लष्कराचे रासायनिक अस्त्रांचे चाचणी केंद्र होते. 13 मार्च रोजी तेथे विमानातून व्हीएक्स हे मज्जासंस्थेवर आघात करणारे विष फवारण्यात आले होते. लष्कराने आरंभी जबाबदारी नाकारली. पुढे नुकसानभरपाई दिली, पण दोष पत्करला नाही. या मृत्यूंचा संबंध व्हीएक्सशी जोडणारा लष्कराचाच अहवाल लोकांसमोर यायला 1998 साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर 1970 च्या दशकात कोलोराडो, नेब्रास्का, कॅन्सस, न्यू मेक्सिको अशा राज्यांतील पशुपालकांना कुरणात विचित्र अवस्थेतील मृत गुरे दिसू लागली. डोळे, जीभ, कास आणि गुदद्वाराभोवतीचा भाग नाहीसा. कडा धारदार शस्त्राने कापल्यासारख्या. आसपास रक्ताचा थेंब नाही. एका गाईची किंमत लहान पशुपालकाच्या दृष्टीने किरकोळ नसते. कोणी सैतानपूजकांना दोष दिला, कोणी परग्रहवासीयांना, तर कोणी रात्री घिरट्या घालणाऱ्या निनावी हेलिकॉप्टरांना. 1975 मध्ये कोलोराडोचे सिनेटर फ्लॉइड हॅस्केल यांनी एफबीआयकडे दाद मागितली. 1979 च्या एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोचे सिनेटर हॅरिसन श्मिट यांनी अल्बुकर्क येथे जाहीर परिषद भरवली. हे श्मिट म्हणजे अपोलो 17 मधून चंद्रावर उतरलेले भूवैज्ञानिक.

त्याच वर्षी एफबीआयचे निवृत्त अधिकारी केनेथ रोमेल यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. 1980 मध्ये सादर झालेल्या त्यांच्या विस्तृत अहवालाचा निष्कर्ष साधा होता: तपासलेल्या प्रकरणांत गुरे नेहमीच्या कारणांनी मेली होती आणि पुढचे काम मृतभक्षक प्राण्यांनी, पक्ष्यांनी व कीटकांनी केले होते. आर्कान्सा राज्यातील एका शेरीफच्या कार्यालयाने तर प्रयोगच केला. नुकतीच मेलेली गाय शेतात ठेवून तिच्यावर पाळत ठेवली. साधारण दोन दिवसांत ते कलेवर ‘गूढ’ वाटणाऱ्या इतर कलेवरांसारखेच दिसू लागले.

यामागील शास्त्र अवघड नाही. हृदय थांबले की रक्ताचा दाब संपतो. रक्त गुरुत्वाकर्षणाने शरीराच्या खालच्या बाजूस उतरते आणि तेथे गोठते. त्यामुळे नंतर झालेल्या जखमेतून ते फारसे वाहत नाही. जाड कातडी फाडणे कठीण असल्याने पक्षी आणि लहान मांसाहारी प्राणी डोळे, जीभ, कास अशा मऊ भागांपासून सुरुवात करतात. त्याच ठिकाणी माश्या अंडी घालतात आणि अळ्या कडा कुरतडून गुळगुळीत करतात. पोटात जीवाणूंमुळे वायू साठून शरीर फुगते, ताणलेली कातडी सरळ रेषेत उकलते आणि ती सुरीने कापल्यासारखी भासते.

इतके स्पष्ट उत्तर मिळूनही अफवा शमली नाही. उलट याच सुमारास ती जमिनीखाली शिरली. अल्बुकर्कमधील एका उद्योजकाला कर्टलंड हवाई तळाच्या परिसरातील दिवे आणि रेडिओ संकेत परग्रहवासीयांचे वाटले. त्याची समजूत दूर करण्याऐवजी हवाई दलाच्या गुप्तचरांनी त्याला खोटी माहिती पुरवून ती अधिक दृढ केली. त्यांच्यापैकी एका अधिकाऱ्याने पुढे ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली. डल्सीच्या डोंगराखालील तळाची कथा या उद्योजकाच्या लेखनातून पसरली. त्याला स्वतःला मात्र या ध्यासापायी रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

रोमेल यांचे शास्त्र बरोबर होते. परंतु स्कल व्हॅलीतील मेंढ्यांबाबत खोटे ऐकलेल्या समाजाने सरकारी अहवालावर विश्वास का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात असणे शक्यच नव्हते.

भारतातही भूगर्भातील विज्ञानाला दीर्घ परंपरा आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरहॅम येथील सहकाऱ्यांसमवेत 1965 मध्ये वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो नोंदवले. जगातील अशा पहिल्या नोंदींपैकी ती एक होय. इतके खाली जाण्याचे कारण संरक्षक खडक हे असते. जमिनीच्या पृष्ठभागावर उघड्या तळहातावरून दर मिनिटाला शंभरच्या आसपास म्यूऑन जातात. त्या गर्दीत न्यूट्रिनोची क्वचित उमटणारी खूण हरवून जाते.

तीच परंपरा पुढे नेण्यासाठी भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची आखणी झाली. निलगिरीतील सिंगारा येथील जागा 2009 मध्ये पर्यावरणाच्या कारणास्तव नाकारली गेली. मग थेनी जिल्ह्यातील पोट्टीपुरमजवळच्या बोडी टेकड्या निवडण्यात आल्या. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा बोगदा, सर्व बाजूंनी किमान एक किलोमीटर खडक आणि 50 हजार टनांहून अधिक वजनाचा चुंबकित लोखंडी शोधक, असा हा आराखडा. जानेवारी 2015 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 1500 कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली.

लवकरच बोलबाला झाला तो वेगळ्याच गोष्टींचा: डोंगरात अणुकचरा पुरणार, न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग होणार. वस्तुतः सूर्याकडून येणारे सुमारे 65 अब्ज न्यूट्रिनो पृथ्वीवरील प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला निघून जातात, आणि हा शोधक न्यूट्रिनो निर्माण करणारा नसून त्यांची नोंद घेणारा आहे. शास्त्रज्ञांनी हे वारंवार समजावूनही सांगितले. तथापि प्रकल्पाचा मुख्य आश्रयदाता अणुऊर्जा विभाग होता, आणि त्याच्या कारभाराला कायद्यानेच गोपनीयतेचे कवच आहे. 1974 मध्ये पोखरणच्या वाळवंटाखाली झालेला स्फोट अखेरच्या क्षणापर्यंत गुप्त होता आणि त्यालाही ‘शांततामय’ असेच म्हटले गेले होते. त्या विभागाचे नाव ऐकून एखाद्या शेतकऱ्याच्या मनात शंका आली, तर तिला निव्वळ अज्ञान म्हणता येत नाही.

शिवाय सर्वच आक्षेप अफवा नव्हते. पश्चिम घाटातील वाघांचा भ्रमणमार्ग, पाणी, सुरुंगांचे हादरे हे प्रश्न खरे होते. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली, तेव्हा परिणाम अहवाल तयार करणाऱ्या संस्थेला त्या कामाची आवश्यक अधिस्वीकृती नव्हती, हा मुद्दाही पुढे आला. 2022 मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात या जागेस विरोध नोंदवला. अफवा आणि वाजवी आक्षेप यांची मोट बांधून दोन्ही एकाच सुरात फेटाळले, की वाजवी आक्षेप घेणाराही अफवेच्या बाजूला ढकलला जातो.

गूढ मृत्यूंबाबत भारताने याहून चांगला धडा घालून दिला आहे. 1990 च्या दशकात गिधाडे झाडांवरून खाली पडून मरू लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी भरतपूर येथे ही घट नोंदवली. आरंभी विषाणूचा संशय होता. 2004 मध्ये पाकिस्तानातील पंजाबात केलेल्या शवविच्छेदनांतून खरे कारण उघड झाले: गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि आतील अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर साचत. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात 99.9 टक्क्यांनी घटली. 2006 मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी आली. संशयित पदार्थ बाजारात उघडपणे मिळत होता, मृत पक्षी तपासता येत होते, निष्कर्ष प्रसिद्ध होत होते आणि इतर संशोधकांना ते पडताळता येत होते. म्हणूनच दोन वर्षांत शोधाचे रूपांतर धोरणात झाले. स्कल व्हॅलीत हेच व्हायला तीस वर्षे लागली होती.

बोडी टेकड्यांखाली बोगदा व्हावा की नाही, हे न्यायालये आणि सरकारे ठरवतील. तो कधी झालाच, तर परिसरातील विहिरींची पातळी, सुरुंगांच्या हादऱ्यांची मोजमापे आणि किरणोत्साराच्या नोंदी पहिल्या दिवसापासून पोट्टीपुरमच्या ग्रामपंचायतीबाहेर, तमिळ भाषेत, कोणालाही पडताळून पाहता येतील अशा लावलेल्या असाव्यात. त्या नोंदींच्या खर्चाची तरतूद शोधकाच्या लोखंडाइतकीच प्रकल्पाच्या मूळ अंदाजपत्रकात असायला हवी.