मनोऱ्याआधी चढ: खांदेश्वरवरून दिसणारे (आणि न दिसणारे) डोंगर

प्रश्न असा होता: खांदेश्वर परिसरात एखादा निरीक्षण मनोरा बांधायचा झाला, व्हीलचेअरवरच्या माणसालाही वरपर्यंत जाता येईल आणि इथल्या भूगोलाशी, इतिहासाशी त्याचं काही नातं असेल असा, तर तो कसा असावा? हा कुठला मंजूर प्रकल्प नाही. माझ्या थिसिसमधल्या एका प्रकरणासाठी मीच स्वतःला घातलेला सराव आहे.

मी मूळची भौतिकशास्त्राची एमएस्सी, त्यामुळे लगेच सूत्राकडे धावले. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. १० मीटरवरून साधारण ११ किलोमीटर, ४० मीटरवरून साडेबावीस. म्हणजे उंची चौपट केली की क्षितिज फक्त दुप्पट दूर जातं. दोन आठवडे मी याचे सुंदर आलेख काढत बसले. गाईड मॅडमनी ते पाहिले आणि एवढंच विचारलं, "पण बघायचंय काय?"

काय बघायचंय! क्षितिजाचा इथे संबंधच नव्हता. खांदेश्वरहून दक्षिणेला १४-१५ किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका, पूर्वेला प्रबळगड आणि त्यामागे माथेरानचं पठार. हे सगळे डोंगर क्षितिजाच्या खूप वर उभे आहेत. ते दिसायला मनोरा उंच असण्यापेक्षा समोर इमारत आडवी न येणं जास्त महत्त्वाचं. उंचीचा प्रश्न बराचसा जागेचा प्रश्न निघाला. सूत्र हाताशी असलं की आपण त्या सूत्राला जमेल तोच प्रश्न विचारतो, ही सवय विज्ञानाकडून इकडे येणाऱ्यांना हमखास असते. मला अजून आहे.

मग इतिहासाकडे वळले. इथे उंचावरून बघत कोण होतं?

कर्नाळा हे सोपं उत्तर. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. किनाऱ्याकडून पनवेल-आपटा भागातून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा किल्ला. निजामशाही, पोर्तुगीज, शिवाजी महाराज, मोगल, पुन्हा मराठे, आणि १८१८ मध्ये इंग्रज, इतक्या हातांतून तो गेला. मुंबई बंदरात येणाऱ्यांनाही तो सुळका खूण म्हणून उपयोगी पडे. इंग्रजांनी त्याला 'फनेल हिल' म्हटलं. (गॅझेटिअर शोधणाऱ्यांसाठी: कर्नाळा आणि पनवेल कुलाब्याच्या खंडात शोधू नका. १८८२ च्या सुमारास पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे ते ठाण्याच्या खंडांत सापडतं. माझे तीन दिवस यात गेले.)

कोकणात वेगळे टेहळणी मनोरे फारसे का दिसत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. डोंगरच मनोऱ्याचं काम करत होते. याच्या उलट उदाहरण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं. विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट गंगा-यमुनेच्या दुआबात पोचले, तेव्हा सपाट मैदानात एका ठिकाणाहून दुसरं दिसेना. शेवटी १८३० च्या दशकात सुमारे ५० फुटी मनोरे बांधावे लागले. डोंगर नसला की मनोरा लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा, उलव्याला गेल्यावर लागेल.

आता चढाबद्दल. कर्नाळ्यावर जायचं तर आजही पायीच. पक्षी अभयारण्यातून (१९६८ चं, राज्यातलं पहिलं) वाट निघते आणि शेवटी चांगलीच उभी होते. माझ्या आईने गुडघ्यांमुळे ती अर्ध्यावर सोडली. किल्ल्याला चढ कठीण असणं सोयीचंच होतं, शत्रू दमला पाहिजे. म्हणून 'स्थानिक इतिहास दिसावा' म्हणत मनोऱ्याला बुरुजाचा आकार देणं मला पटत नाही. आकार किल्ल्याचा घेतला की बहुतेक वेळा त्याच्या पायऱ्याही सोबत येतात.

खरा धागा मला माथेरानला सापडला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये तिथे गेले आणि नंतर त्या पठारावर 'पॉइंट' संस्कृती तयार झाली. युद्धासाठी नव्हे, नुसतं बघण्यासाठी डोंगरावर जायचं. पण जायचं पायी, घोड्यावर, नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यावरच्या पालखीतून. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. दोन फुटी गेज, २१ किलोमीटर लांबी, आणि कमाल चढ २० ला १. थेट चढण्याऐवजी डोंगराला वळसे घालत, लांबी खर्च करून उंची कमवायची.

हा २० ला १ आकडा वाचून मी थांबलेच. सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा चढ जास्तीत जास्त १२ ला १ असतो, आणि २० ला १ किंवा त्याहून कमी चढाची वाट साधारणपणे रॅम्प न मानता चालायची वाटच मानतात. योगायोग आहे, मान्य. इंजिनाची ताकद आणि हातांची ताकद या वेगळ्या गोष्टी. पण रचनेचा विचार एकच आहे. तरी भारावून जाऊ नका: ती गाडी तिकीट परवडणाऱ्यांसाठी होती, अपंग व्यक्ती कोणाच्या डोक्यातही नव्हती.

चढ ठरला की मनोऱ्याचा आकार बराचसा ठरतो. १० मीटर वर जायचं तर १२ ला १ ने १२० मीटर रॅम्प, शिवाय मधले सपाट टप्पे. २० ला १ ने २०० मीटर. अमेरिकेतल्या स्मोकी पर्वतातल्या कुवोही शिखरावर (पूर्वीचं नाव क्लिंगमन्स डोम) १९५९ चा मनोरा आहे. ४५ फूट उंच, ३७५ फुटी वळणदार रॅम्प. फोटोत सुगम्य वाटतो. भागाकार करा: चढ १२ टक्के, म्हणजे साधारण ८ ला १. व्हीलचेअरला फारच जास्त. '१२ टक्के' आणि '१२ ला १' यांत गोंधळ करू नका. दुसरा फक्त ८.३ टक्के आहे. उलट जर्मनीत बव्हेरियाच्या जंगलातली २००९ ची झाडांच्या शेंड्यांवरची वाट पाहा. १३०० मीटर लांब, शेवटी ४४ मीटरचा मनोरा, चढ ६ टक्क्यांच्या आत. तिथे वाट हीच इमारत आहे.

वर पोचल्यावरचा प्रश्न मी जवळजवळ विसरलेच होते. आमच्या गच्चीचा कठडा साधारण १.२ मीटरचा. उभी राहिले की कर्नाळा दिसतो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि सुळका गायब! बसलेल्या माणसाचा डोळाही साधारण त्याच उंचीवर असतो. रॅम्पवर कोट्यवधी खर्च करायचे आणि वर भिंत दाखवायची. इथे मात्र किल्ला उपयोगी पडतो. तटातल्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली अरुंद तिरपी भोकं, नेमक्या दिशेला रोखलेली असतात. आकार नको, पण ही युक्ती घ्यावी: कठड्यात बसलेल्या डोळ्याच्या उंचीवर, एकेका डोंगराकडे वळवलेल्या खिडक्या.

दक्षिणेची खिडकी कर्नाळ्याकडे, पूर्वेची प्रबळ-माथेरानकडे. नैऋत्येची कुठे? तिकडे गाढी नदीपलीकडे नवी मुंबई विमानतळ आहे, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला. त्या जागेवर उलव्याची टेकडी होती, ९० मीटरहून उंच. ती सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली. माझ्या लहानपणीच्या एका फोटोत मागे ती टेकडी आहे, अस्पष्ट. तेव्हा कोणी तिच्याकडे बघून फोटो काढलेला नव्हता.

१० मीटरच्या मनोऱ्यावरून ९० मीटरची टेकडी कशी 'दाखवायची', हे मला अजून सुटलेलं नाही. सध्या एक कच्चा पर्याय आहे: त्या खिडकीच्या काचेवर टेकडीची जुनी बाह्यरेषा कोरायची, बसलेल्या आणि उभ्या अशा दोन्ही उंचींसाठी वेगळी, म्हणजे ती धावपट्टीवर बरोबर बसेल. काच बोटाने चाचपता यावी, दृष्टिहीनांसाठीही. त्यासाठी टेकडी कापण्याआधीच्या समोच्च रेषा लागतील. जुने स्थलवर्णन नकाशे मिळवायच्या मागे आहे. आणि ज्यांनी ती टेकडी रोज पाहिली त्या, आता दुसरीकडे राहायला गेलेल्या गावकऱ्यांशी बोलायचंय. ते पुढच्या महिन्यात.