तारप्याचें रिंगण

आपल्या पांढरपेशा घरांत नाचाविषयीं एक चमत्कारिक द्वैत फार दिवसांपासून चालत आलें आहे. मंगळागौरीला लेकी-सुनांनीं रात्रभर झिम्मा-फुगड्या घालाव्या, कीर्तनांत हरिदासानें भान विसरून चार पावलें थिरकावीं, यांत कोणास कांहीं गैर वाटत नाहीं. पण ‘नाच’ हा शब्द उच्चारला कीं पैसा, बैठक आणि बदनामी हीं तिन्ही त्याच्या पाठोपाठ मनांत उभीं राहतात. नाचणारा एक आणि पाहणारे शंभर, असेंच नाचाचें चित्र आपण मनाशीं धरून बसलों आहों. ज्या नाचाला प्रेक्षकच नाहीं, त्याचा इतिहास कोणीं लिहावा? तो लिहिण्याजोगा आहे, आणि त्यासाठीं आम्हां वसईकरांस दूर जावयास नको. तुंगारेश्वराच्या डोंगराकडे पूर्वेस वळलें, कीं वारल्यांचे पाडे लागतात.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायांत ऋषींनीं एक मार्मिक शंका काढली आहे. अभिनयानें अर्थ कळतो; मग जें नृत्त गीताच्या अर्थाशीं बांधलेलें नाहीं, तें निर्माण तरी कशासाठीं झालें? भरताच्या उत्तराचा आशय असा, कीं नृत्ताला कोणत्याही अर्थाची अपेक्षा नसते; तें शोभा उत्पन्न करतें, आणि बहुतेक सर्व लोकांना तें स्वभावतःच आवडतें, म्हणून विवाह, जन्म अशा मंगल प्रसंगीं त्याची योजना होते. इतक्या मोठ्या शास्त्रकारानें शास्त्र क्षणभर बाजूस ठेवून ‘आवडतें म्हणून’ असें सांगावें, हें मला त्या ग्रंथांतील रम्य स्थळांपैकीं एक वाटतें.

आतां तारपा पाहावा. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा, त्यांत मेणानें बसविलेल्या बांबूच्या नळ्या, आणि टोकाशीं ताडाचीं पानें गुंडाळून केलेला कर्णा. सगळें रानांतलें व परसांतलें. वाजविणारा गालांत वारा सांठवून नाकानें श्वास घेतो, त्यामुळें सूर मध्येंच तुटत नाहीं. भात पिकूं लागलें कीं तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीच्या सुमारास पाड्यापाड्यांतून रात्रीं घुमतो. वादक मध्यें, त्याच्याभोंवतीं बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून सांखळी धरतात. वादकानें चाल बदलली कीं सगळ्यांचीं पावलें बदलतात. सांखळी कधीं आवळत शंखाच्या वळणासारखी आंत जाते, कधीं उलगडत बाहेर येते. तारप्याकडे पाठ करावयाची नाहीं, हा या नाचाचा दंडक. बाहेर उभा राहणाऱ्याला मग पाठीच दिसावयाच्या! प्रेक्षकाची सोय येथें कोणी केलेलीच नाहीं.

वसईवर ज्यांनीं ज्यांनीं सत्ता गाजविली त्यांतील बहुतेकांस लोकांच्या असल्या आनंदाविषयीं संशय वाटत आला. गुजराथच्या बहादुरशहानें १५३४ च्या डिसेंबरांत वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि तें त्यांच्या ‘उत्तरेच्या प्रांता’चें मुख्य ठाणें झालें. पुढें १५६० सालीं गोव्यास इन्क्विझिशन बसलें. त्याचा १४ एप्रिल १७३६ चा जाहीरनामा मोठा बोलका आहे. ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं लग्नांत देशी वाद्यें वाजवूं नयेत, ओव्या म्हणूं नयेत, अशीं त्यांत बारीकसारीक कलमें आहेत. पावणेदोनशें वर्षें दरारा गाजविल्यावरही ओवीची मनाई पुन्हां करावी लागली, याचा अर्थ उघड आहे. जी गोष्ट बंद पडली असेल तिला कोणी बंदी घालीत नाहीं. हा हुकूम गोव्याचा. वसईंत तो मुरण्यापूर्वींच, १७३९ च्या मे महिन्यांत, चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतून लग्नाचीं गाणीं त्यांच्या बोलींत आजही ऐकूं येतात. धर्म बदलला, पण मांडवांतल्या बाईचा गळा कोणाच्या ताब्यांत गेला नाहीं.

डोंगरांतल्या वारल्याची गोष्ट निराळी. त्याच्या गाण्याला कोणीं फारसें हटकलें नाहीं. त्याचें शरीरच इतरांनीं वांटून घेतलें. वेठ मराठी राज्यांतही होतीच. इंग्रजी अमलांत १८७८ या एकाच वर्षीं जंगलाचा कायदा आला आणि मुंबई इलाख्याचा आबकारी कायदाही आला. एकानें रान गेलें, दुसऱ्यानें ताडी-मोहावर सरकारचा हात पडला. जमीन सावकारांच्या व जमीनदारांच्या घशांत गेली. लग्नाला कर्ज काढावें आणि त्यापायीं नवराबायकोनें धनकोच्या घरीं राबत राहावें, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मनुष्याच्या आयुष्यांतील सर्वांत आनंदाच्या दिवसाचें नांव त्याच्या गुलामगिरीला मिळावें, याहून क्रूर शब्द मराठींत क्वचितच असेल. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांचा १९३९ चा अहवाल वाचावा. सरकारी भाषेचा थंडपणाही तेथें मधूनमधून ढळलेला दिसतो.

अशा माणसांच्या जीवनांत तारप्याच्या रात्रीचा अर्थ काय असेल? दिवसभर ज्या पाठीवर मालकाचा भारा, तीच पाठ रात्रीं जगाकडे करून तो आंत तोंड करून उभा राहतो. तेथें त्याचें पाऊल कोणाच्या कामाचें नसतें. त्या पावलांतून पीक निघत नाहीं, व्याज फिटत नाहीं. भरतानें ज्याला अर्थाची अपेक्षा नाहीं म्हटलें, तें नृत्त येथें माणसाची एकुलती मालमत्ता होऊन बसतें. शिवाय बाई आणि पुरुष एकाच सांखळींत, एकाच पावलावर. आमच्या सुधारलेल्या समाजानें हें पाहून नाक मुरडलें खरें, परंतु आपल्या मुलींना मोकळ्या अंगणांत नाचतां यावें म्हणून आम्हांला किती पिढ्या लागल्या, याचा हिशेब आम्हीं कधीं मांडला नाहीं.

मात्र एका गोड गैरसमजापासून सावध राहिलें पाहिजे. ‘हे लोक मोठे सुखी, पोटाला नसलें तरी नाचतात, गातात’ हें वाक्य मीं सुशिक्षितांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे, कीं त्याची चीड येते. सावकारालाही नेमकें हेंच म्हणावयाचें होतें. नाचानें वेठ उठली नाहीं. ती उठविण्यासाठीं १९४५ च्या मे महिन्यांत झरी येथें हजारों वारली जमले आणि वेठ करणार नाहीं असें ठरवून गेले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्यांत जाऊन राहिलीं. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या समुदायावर गोळीबार होऊन ५ माणसें पडलीं. गोदावरीबाईंनीं ही कथा ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. आणि तेवढ्यानेंही सर्व संपलें नाहीं. वेठबिगार नाहींशी करणारा कायदा १९७६ सालीं झाला, तरी आमच्या याच वसई तालुक्यांत त्यानंतर वेठबिगार सोडवावे लागले. १९८२ ची श्रमजीवी संघटना त्यांतूनच उभी राहिली. मुंबईच्या लोकलगाड्या विरारपर्यंत धांवत होत्या, त्या काळची ही गोष्ट!

हा नाच जगाला माहीत झाला तो पायांनीं नव्हे, तांदळाच्या पिठानें. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहीत. डहाणू तालुक्यांतील गंजाड गांवच्या जिव्या सोमा म्हशे यांनीं तें लेखन भिंतीवरून कागदावर व कापडावर आणलें. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेलीं तीं माणसें आणि मधल्या तारप्याभोंवतीं त्यांचें वळत गेलेलें वेटोळें, हें चित्र आज पिशव्यांवर, पेल्यांवर, रेल्वेच्या भिंतींवर सर्वत्र दिसतें. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं वेगळा झाल्यापासून तर तें या मुलखाची खूणच होऊन बसलें आहे. चित्रकारानें एक गोष्ट बरोबर साधली: तो वरून पाहतो. पक्ष्याच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून हें रिंगण कोणालाही सबंध दिसत नाहीं.

समारंभाच्या मंचावर मात्र नाचणाऱ्यांस वरून पाहावयाची सोय नसते, आणि पाहुण्यांना पाठी दाखविणें शिष्टाचारांत बसत नाहीं. म्हणून रिंगण पुढच्या बाजूनें उघडतात, सांखळीची कमान करतात, तारपकऱ्याला एका कोंपऱ्यांत उभा करतात, आणि घड्याळाकडे पाहून पांच मिनिटांत नाच आवरतात. टाळ्या पडतात. मग मंडळी टेंपोंत बसून पाड्यावर परत जातात, आणि तेथें अंगणांत, निजायच्या आधीं, तारप्याभोंवतीं पुन्हां वेढा धरतात.