दुनळीची पट्टी

१८७८ च्या हत्यार कायद्याने बंदुकीला परवाना लागला. तरीही बागलाणातल्या एखाद्या वाड्यात दसऱ्याला आजोबांची दुनळी पूजेत मांडलेली दिसते. तिच्या नळ्यांमधली चिंचोळी पट्टी पाहा. नेम धरताना नजर हिच्यावरूनच धावते. ही पट्टी उंचावून बसवण्याचे पेटंट लंडनच्या जोसेफ मॅन्टनने १८०६ साली घेतले.

वरची व खालची पट्टी शिसे-कथलाच्या डाखाने नळ्यांना जोडीत. डाख सुटला की फटीतून ओल शिरते आणि गंज नळीला बाहेरून, कुणाला न दिसता खातो. नळ्या सुट्या करून टांगाव्यात, टिचकी मारावी. घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत; बद्द आवाज आला तर पट्टी सुटली.

परंतु गोड नादावरही भुलू नये. काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळ्यांना आजच्या काडतुसाचा जोर सोसत नाही. वडिलांच्या ठेव्यावर झेंडू जरूर वाहावा. बार मात्र काढू नये.